सांगून ठेवलेली सावर

ओढ्यातल्या सपाट दगडावर टेकून विमलबाईंनी उजव्या पायातली चप्पल काढली, उलटी करून झटकली आणि पुन्हा पायात घातली. खडा केव्हाच पडून गेला होता. पण बसायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि गुडघे दुखतात हे तोंडाने कबूल करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

त्यांची सून विनिता चार पावलं पुढं जाऊन थांबली होती. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, एक नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि पांढऱ्या सुताची गुंडी.

"आई, अजून वाडी पण नाय आली. माघारी फिरू या का?"

"माघारी कशाला? मी काय मेले का?"

"तसं नाय. पुढं चढ हाय."

"मला चढ दाखवतीस व्हय गं? ह्या डोंगरातनं मी कवळाचे भारे वाहिले, तवा तू पाळन्यात होतीस."

विनिता हसली आणि हात पुढं केला. विमलबाईंनी तो धरला. चौतीस वर्षांच्या बाईचा हात, भांडी घासून आणि मोहोपाड्याच्या दवाखान्यात दिवसभर लाद्या पुसून खरखरीत झालेला. आज हा हात त्यांना धरवत नव्हता आणि सोडवतही नव्हता.

फाल्गुन लागून आठवडा झाला होता. गवत वाळून पिवळं पडलेलं, साग उघडाबोडका, आणि त्या सगळ्या रखरखाटात मधूनमधून पळस पेटलेला. वाटेच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या आणि त्यांचा गोड वास सकाळच्या गारव्यात खाली बसून राहिला होता. मागं वळून पाहिलं तर खालची खाचरं दिसत होती, आणि त्यांच्या पलीकडं, दूर, रसायनीच्या कारखान्यांच्या चिमण्या. या दिवसांत मुंबईची माणसं गाड्या काढून ही फुलं बघायला येतात, फोटो काढतात, वाडीवर झुणका-भाकर खाऊन जातात. गावातल्या बायकांना त्याचं हसू येतं. फुलं काय बघायची असतात?

विनिता मात्र दर फाल्गुनात एकदा वर जायची. नऊ वर्षं झाली, एक साल चुकवलं नव्हतं. खिंडीच्या अलीकडं उभ्या असलेल्या एका काटेसावरीच्या झाडापाशी जायची, दुपारच्या आत परत यायची आणि आल्या आल्या कामाला लागायची. विमलबाई कधी गेल्या नव्हत्या. घराच्या ओट्यावरून ती सावर फुलली की डोंगराच्या कडेला एक लाल ठिपका दिसतो. तेवढ्यासाठी त्यांनी आपली बाज ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हलवली होती. आणि काल जेवताना त्या एकाएकी म्हणाल्या होत्या, "उद्या मी पन येते. फुलं बघाया."

विनिताचा हात ताटात थांबला होता. मग तिने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

फुलं बघायला येते हे खोटं होतं. विमलबाईंना तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती घरात सांगता येत नव्हती. घरात नऊ वर्षं त्यांनी रोज ती सांगायचं ठरवलं होतं.

त्यातून रविवारी विनिताचा भाऊ कमलेश येऊन गेला होता. खिंडीपलीकडच्या, कर्जतच्या अंगाला असलेल्या गावातून तो मोटारसायकलवर लांबचा वळसा घालून आला, चहा प्यायला आणि विनिताच्या दुसऱ्या लग्नाचा तोच विषय तिसऱ्यांदा काढून बसला. शेलूचा साईनाथ. बदलापूरच्या कारखान्यात नोकरी, बायको करोनात गेलेली, पदरात श्रद्धा नावाची सात वर्षांची मुलगी. माणूस सरळ होता. पाडव्यापर्यंत थांबतो, मग घरचे दुसरीकडं ठरवणार, असं त्यानं सांगितलं होतं. विनिताने पूर्वीचंच उत्तर दिलं.

"आईंना टाकून मी नाय जायची, दादा. तू परत परत विचारू नको."

कमलेश उठून गेला. विमलबाईंच्या छातीत त्या दिवशी दुपारपासून दुखू लागलं. कमलेश आला की दुखतच असे. विनिताने तेल चोळून दिलं, आणि तेल चोळणाऱ्या त्या हाताखाली पडल्या पडल्या विमलबाईंना पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

ठाकरवाडीत पोचेतो आठ वाजले होते. पहिल्याच झोपडीच्या अंगणात जनी शिंदीच्या पातीचे झाडू बांधत बसली होती. विमलबाईंना बघून तिने हातातली पात खाली ठेवली.

"विमलबाय! तू? इकडं कशी गं वाट चुकलीस?"

"फुलं बघाया आले."

"फुलं?" जनी विनिताकडं बघून हसली. "ही येते सालोसाल. तू पयलीच येळ. पानी पी, बस."

जनीने तांब्या दिला. नऊ वर्षांपूर्वी विमलबाईंचा मुलगा, विनिताचा नवरा रोहिदास, त्या सावरीपाशी सापडला तो जनीलाच. त्या साली होळीच्या आठ दिवस आधी डोंगराला वणवा लागला होता. वाडीकडं सरकणारी आग तो एकटा ओल्या फांदीनं झोडपत राहिला आणि धुराने गुदमरून गेला. अंगाला चटकासुद्धा नव्हता. झाडाला टेकून झोपल्यासारखा बसला होता, असं जनीने तेव्हा सांगितलं होतं. तेव्हापासून वाडीतली माणसं या घरच्या बायकांना पाणी दिल्याशिवाय पुढं जाऊ देत नसत.

"दिस हाय तवर जा न उतर," जनी म्हणाली. "सांजचं तिथं बसू नका."

"का गं?"

"कोनतरी खोकतं."

"माकडं असतील, जनी," विनिता म्हणाली.

"माकड कवा मानसागत खोकतं? मी आयकलंय. सुकं खोकतं. पानी मागाया तोंड उघडावं न् निघू नये, तसं."

विमलबाईंनी तोंडाला लावलेला तांब्या न पिताच खाली ठेवला.

तो खोकला विमलबाईंच्या ओळखीचा होता. दर फाल्गुनात, पहाटे कोंबडा आरवायच्या आधी, तो त्यांच्या ओट्यावर यायचा. एकदाच. कोरडा. त्या रोज झोपताना ओट्यावर पाण्याचा गडू भरून ठेवत. कुत्र्याला, असं विचारणाऱ्याला सांगत. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की हे आपल्या एकटीच्याच कानात आहे. आणि इथं जनी झाडू बांधता बांधता तेच सांगत होती, उन्हापावसाच्या गोष्टी सांगाव्यात तसं.

वाडी सोडल्यावर वाट अरुंद झाली. विनिता पुढं, विमलबाई मागं. वाळका पाला पायाखाली चुरचुरत होता, आणि विमलबाईंना सारखं वाटत होतं, की आपल्याही मागं कुणीतरी पाला तुडवत येतं आहे. आपण थांबलं की ते थांबतं. त्यांनी दोनदा वळून पाहिलं. वाट मोकळी होती.

ती सावर त्या साली होळीची होती. या गावात होळीला सावर लागते, आणि ती अशी उठून तोडता येत नाही. आठ दिवस आधी मानाच्या घरातला एक पुरुष एकटा वर जातो, झाडाला सूत गुंडाळतो, नारळ फोडतो आणि झाडाला सांगतो, की आठ दिवसांनी तुला न्यायला येतो. याला झाड सांगून ठेवणं म्हणतात. ज्याने सांगितलं त्यानेच पहिला घाव घालायचा, दुसऱ्या कुणी नाही. त्या साली मान रोहिदासकडं होता. तो सांगायला गेला आणि सांगूनच गेला. घाव घालणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती सावर तशीच राहिली. दर साली फुलते. ती त्याची वाट बघते, असं गावातल्या बायका म्हणतात, आणि विमलबाई जवळ आल्या की गप्प होतात.

वणवा कुणी लावला हे गावाने विचारलं नाही. डोंगराला वणवे लागतातच. पण विनिताला वाटत होतं, की तो आपल्या हातून लागला.

त्या दिवशी राब भाजायचा होता. खाचरात रोपं टाकायच्या जागी शेण, कवळ म्हणजे झाडांचे तोडलेले डहाळे, पेंढा, पालापाचोळा असे थर रचून वर माती पसरतात आणि तो ढीग जाळतात. त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप जोमानं येतं. रोहिदास म्हणायचा, आता खतं मिळतात, कशाला ते जाळपोळीचं काम. पण विमलबाईंचा राब म्हणजे राब. डोंगराच्या पायथ्याला राब भाजायचा तो उजाडता उजाडता, वारा पडलेला असताना. नऊच्या आत विझवून मोकळं व्हायचं. दुपारी खाडीकडचा वारा सुटतो आणि तो थेट डोंगर चढतो, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. त्या सकाळी वरचं खाचर विनिताने भाजलं आणि पाणी ओतून विझवलं. सासूने बजावलं होतं, गार झाल्याशिवाय हलू नको. गार झालंसं वाटल्यावर ती धुणं घेऊन बंधाऱ्यावर गेली. बारा वाजता डोंगर पेटला.

रोहिदासला घरात आणल्यावर माजघरात तिने सासूचे पाय धरले होते.

"आई, माझ्यानं झालं. मी नीट विझवलं नाय."

विमलबाईंचं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग त्यांनी तिला उठवून छातीशी धरलं आणि म्हटलं, "गप. हे पुन्ना बोलू नको. मी कुनाला सांगनार नाय."

इतकंच. पण त्या इतक्यावर पुढची नऊ वर्षं उभी राहिली. विनिता घर सोडून गेली नाही. सकाळचा चहा, रात्री पाय चेपणं, पगाराच्या दिवशी आणलेली सोनकेळ्यांची फणी. नवऱ्याचा जीव घेतलेल्या सुनेला जिने पोटाशी धरलं, त्या सासूचे उपकार ती फेडत होती. आणि गावातल्या बायका म्हणत, विमलबाई, सून असावी तर अशी. विमलबाई ते ऐकून घेत.

"आली," विनिता म्हणाली.

सावर समोर उभी होती. ओट्यावरून ठिपक्याएवढी दिसणारी ती सावर दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढी होती. अंगभर काटे. एक पान नाही. फांद्यांच्या टोकांपर्यंत नुसती मांसल, लालभडक फुलं, आणि त्यांच्यात बुलबुल आणि साळुंक्या यांचा एकच गलका. खाली जमीन दिसत नव्हती इतका फुलांचा सडा. मधूनच एखादं फूल तुटायचं आणि जड आवाज करत खाली पडायचं. विमलबाईंनी वर पाहिलं नाही. त्यांची नजर बुंध्यापाशी गेली, जिथं टेकून बसायला काटे झिजलेली थोडी जागा होती.

विनिताने चपला काढल्या. सूत काढून बुंध्याला तीन वेढे दिले, काट्यांतून हात सांभाळत. हळदकुंकू लावलं. दगडावर नारळ फोडला आणि पाणी मुळाशी सोडलं. मग काट्यांच्या मधे तळवा टेकून ती साध्या, रोजच्या आवाजात म्हणाली, "चुकलं माझं."

आणि हात झटकत वळली. "आई, भाकर खाता का? सकाळपासनं नुसत्या चहावर हायसा."

विमलबाई दगडावर बसल्या होत्या. वाटेने त्यांनी तीन वाक्यं जुळवून आणली होती, पुन्हा पुन्हा घोळवून गुळगुळीत केलेली. त्यांतलं एकही आता सापडेना. विनिता रडत म्हणाली असती तर कदाचित त्या पुन्हा गप्प बसल्या असत्या. तिला पोटाशी धरलं असतं, ते त्यांना चांगलं जमत होतं. पण तिने ते कणगीला हात लावून नमस्कार करावा तसं म्हटलं होतं. नऊ वर्षांत ते तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"तुजं नाय चुकलं," विमलबाई म्हणाल्या.

"राहू दे, आई. आता काय त्याचं."

"तुजं नाय चुकलं म्हनते ना! वरचं खाचर गार होतं. मी हात घालून बगितलं."

विनिता फडक्याची गाठ सोडत होती. ती सोडता सोडता थांबली.

"कधी बघितलंत?"

"तू धुनं घेऊन गेलीस त्याच्या मागनं. मी गेले, राखंत हात घातला. बोटांनी उकरलं तर चिखल लागला हाताला. धग नव्हती. इवली पन नव्हती."

"मग?"

"मग मी खालचं पेटवलं."

वरून एक फूल पडलं. दोघींनीही तिकडं पाहिलं नाही.

"खालचं उद्या पेटवायचं होतं," विनिता हळू म्हणाली.

"व्हय. रोहिदासच म्हनला होता. सकाळी निघताना. आई, खालचं राहू दे, उद्या मी हाय, मग पेटवू. हे मी कुनाला सांगितलं नाय. एवढंच बोलून तो वर आला. तू इहिरीवर होतीस."

विमलबाई आता थांबू शकत नव्हत्या. शेजारच्या माधवीचा राब आदल्याच दिवशी झाला होता, ती बांधावरून जाता जाता म्हणाली, काकू, तुमचा अजून निम्मा? आता वयानं होत नसंल. एवढंच बोलली होती ती, हसत. तेच त्यांना लागलं. सत्तावन्नाच्या वयाला त्यांना कुणी म्हातारी म्हटलेलं खपत नव्हतं. अकरा वाजले होते. एवढंसं तर खाचर, अर्ध्या तासात होईल, असं म्हणून त्यांनी काडी लावली. वारा सुटला. बांधावरचं गवत धरलं. ओलं गोणपाट घेऊन त्या झोडपत राहिल्या, पण आग बांध ओलांडून गेली; खालचा राब नंतर वणव्यातच जळला, असं सगळ्यांनी धरलं. मग त्यांनी गोणपाट घरी नेऊन चुलीत घातलं, आणि गाव धावलं तेव्हा त्याही हंडा घेऊन गावाबरोबर धावल्या.

"तो वर हाय, हे ठाऊक होतं मला," त्या शेवटी म्हणाल्या. "दुपारच्या आत उतरंल, असं वाटलं."

अर्धवट सुटलेल्या फडक्यातल्या भाकरीला मुंग्या लागायला लागल्या होत्या. विनिताने विचारलं ते भलतंच होतं.

"मी हंडे किती ओतले होते?"

"आं?"

"वरच्या खाचरात. मी रात रात मोजते, आई. कधी दोन आठवतात, कधी तीन. दोनच ओतले असतील तर चुकलंच, असं वाटतं. तीन ओतले असतील तर मग कसं काय, असं वाटतं. नऊ वर्षं मोजतेय."

"तीन."

"तुमाला कसं ठाऊक?"

"हंडा टेकवल्याचे गोल उठले होते बांधावर, ओल्या मातीत. मी बगितले. तीन होते."

"तीन," विनिता म्हणाली. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "तीन होते." तिने तोंडावर पदर धरला. तिचे खांदे दोन-तीनदा हलले आणि थांबले. पदर बाजूला केला तेव्हा डोळे कोरडे होते, आणि चेहरा असा होता, की विमलबाईंनी तो ती सून होऊन आल्यापासून कधी पाहिला नव्हता. कुठलं तरी वजन उतरवून ठेवलेल्या माणसाचा, आणि तेच वजन कुणी चढवलं हे कळलेल्या माणसाचा.

"आणि त्या दिवशी मला जवळ घेतलंत, ते?"

विमलबाईंनी पायाशी पडलेलं फूल उचलून दगडावर ठेवलं.

"कुणाला सांगणार नाय म्हणालात. ते काय होतं, आई?"

"भ्याले. लेक गेला होता. तू गेली असतीस तर त्या घरात मी एकलीनं काय केलं असतं? तू आपनहून पाय धरलेस. मला वाटलं, हिला असंच राहू द्यावं. मंग ही जानार नाय."

"एकदा पण सांगावं नाय वाटलं?"

"रोज वाटलं."

"मग?"

"रोज सकाळी तू चहा आनून द्यायचीस."

विनिता उठली. भाकऱ्या पुन्हा फडक्यात बांधल्या, मुंग्या झटकून. पिशवीत पाण्याची एक बाटली ठेवली आणि ती पिशवी विमलबाईंच्या शेजारी, हाताला लागेल अशी ठेवली. दुसरी बाटली स्वतःजवळ घेतली. सगळं अगदी सावकाश, कामावर निघताना करायची तसं.

"गोळ्या फडताळात वरच्या खणात हायत. सकाळची अख्खी. रातची अर्धीच घ्या, अख्खी घेतली की चक्कर येते तुमाला."

"विनू."

"गॅस परवा बदललाय. दोन महिने बघायला नको."

"विनू, मला बोल काहीतरी. शिव्या दे."

विनिताने त्यांच्याकडं पाहिलं.

"मला तुमाला शिव्या देता नाय येत," ती म्हणाली. "मला नऊ वर्षांत ती सवयच नाय लागली."

चपला पायात घालून ती खिंडीच्या वाटेला लागली. खिंडीतून वाट पलीकडं उतरते, कर्जतच्या अंगाला, कमलेशच्या गावाला. दोन तासांची उतरण. अंगावरच्या साडीनिशी निघालेल्या बाईला तेवढं काही लांब नाही.

खिंडीच्या तोंडाशी ती थांबली. विमलबाईंचा जीव तिच्याकडं धावला. हाक मारली तर ती येईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. छातीत दुखतंय म्हटलं की पुरे. ती धावत येईल, तेल चोळेल, खांद्याला धरून खाली नेईल, आणि संध्याकाळी चूल पेटेल. छातीत खरोखरच दुखत होतं. विमलबाईंनी पदराचा बोळा केला आणि तोंडात धरला. तिकडं विनिताने फोन कानाला लावला होता. तिथंच काय ती रेंज मिळते. ती काहीतरी बोलली, मान हलवली, पुन्हा बोलली. मग ती खिंडीत उतरली आणि दिसेनाशी झाली.

विमलबाई तशाच बसून राहिल्या. ऊन फांद्यांतून खाली आलं. पाखरांचा गलका एकाएकी थांबला, कुणीतरी आल्यासारखा. आणि बुंध्याच्या पलीकडून खोकला आला. एकदाच. सुका.

त्या दचकल्या नाहीत. वळूनही पाहिलं नाही. पिशवीतल्या बाटलीचं झाकण काढून त्यांनी पाणी मुळाशी ओतलं, अर्धी बाटली.

"सांगितलं रं," त्या म्हणाल्या. "सांगितलं तिला. तू म्हनला होतास ते पन."

थोड्या वेळाने पाखरं पुन्हा बोलू लागली.

खिंडीकडून पाला वाजला तेव्हा त्यांचे डोळे आधी तिकडं धावले. आडवाटेने लाकडाला वर गेलेली जनी डोक्यावर मोळी घेऊन येत होती. तिने मोळी झाडाला लावून उभी केली आणि घाम पुसला.

"तुजी सून भेटली वरती. मला म्हनं, म्हातारीला हात धरून खाली ने, एकली सोडू नको. न् मंग पलीकडं उतराया लागली. माघारीच बगंना." जनीने त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "भांडलात व्हय गं?"

"नाय."

"मंग कुठं चालली ती?"

"भावाकडं."

"हां. व्हळीला गेली आसंल," जनी म्हणाली. तिचं समाधान झालं होतं. "पाडव्याला येल माघारी. तुला टाकून ती कुठं राहते?"

विमलबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. दोन्ही हात दगडावर टेकून उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी साथ दिली नाही. त्यांनी जनीपुढं हात धरला.

"आली, तर मीच तिला माघारी धाडीन," त्या म्हणाल्या. "उठव मला. गुडघे दुखतात."